टाचण्यांवाचून पंधरवडा

गल्लीच्या वळणावर, चष्म्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, बायकांचे कपडे शिवणाऱ्या एक बाई राहत आणि त्याच जागेच्या पुढच्या खोलीत शिवत. त्यांचे खरे नाव पाटीवर होते. परंतु पाटी जिन्याच्या अंधारात होती आणि तिच्याखेरीज ते नाव कुणी वापरत नसे. सगळ्यांच्या लेखी त्या टाचणीमावशी. काम चालू असताना त्यांच्या मिटलेल्या ओठांतून टाचण्यांची एक रांग बाहेर डोकावत असे, एखाद्या लहानशा कुंपणासारखी. मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी त्यांच्याकडे नव्हती असे नाही. धाकट्या नणंदेने कौतुकाने दिलेली, टोमॅटोच्या आकाराची एक उशी खणात होती आणि खणातच तिचे आयुष्य सुखाने चालले होते. काठ दुमडताना दोन्ही हात कापडाला लागतात, तेव्हा उरलेल्या कामाला तोंडच जुंपावे लागते, हा धडा मावशींनी शिकाऊ वयात घेतला आणि पुढे कधी तपासून पाहिला नाही.

या सवयीचा एक परिणाम मात्र कुणी योजलेला नव्हता. ट्रायलसाठी गिऱ्हाईक लाकडी स्टुलावर चढते, मावशी खाली गुडघे टेकून काठ धरतात. स्टुलावरच्या माणसाची अवस्था मोठी चमत्कारिक असते: अंगावर अर्धवट शिवलेला कपडा, हलायची सोय नाही, समोर आरसा, आणि पायाशी एक बाई, जिच्या तोंडात टाचण्या असल्यामुळे ती मध्येच तोडणार नाही, सल्ला देणार नाही, की 'माझ्या बाबतीत तर' म्हणत स्वतःचे पुराण लावणार नाही. अशा वेळी माणूस बोलू लागतो. फुलवाली बोलली होती, चष्मेवाल्याची सून बोलली होती, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई तर दोन कोटांच्या ट्रायलभर बोलल्या होत्या. मावशींचे उत्तर सर्वांना एकच: हं. पण त्या 'हं'मध्ये चढउतार होते. आश्चर्याचा 'हं' वेगळा, सांत्वनाचा वेगळा, आणि 'आता पुरे, वळा' असा एक वेगळा. स्टुलावर बोललेले स्टुलावरून उतरत नाही, हा या घराचा अलिखित कायदा होता आणि मावशींनी तो इतक्या निष्ठेने पाळला होता, की गल्लीची अर्धी अब्रू त्यांच्या पोटात सुखरूप होती.

त्यांच्या यजमानांच्या बाबतीत निसर्गाने नेमका उलटा कारभार केला होता. ते बसस्थानकावर गाड्या पुकारत. फलाटांवरच्या काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठे लागली आहे, कुठली सुटण्याच्या तयारीत आहे आणि कुठली उशिराने धावत आहे, हे ते अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा भरदार आवाजात सांगत. गल्ली त्यांना भोंगा म्हणे. त्यांना ते माहीत होते आणि आतून आवडतही असे. घरी आले तरी त्यांचे पुकारणे थांबत नसे. दुपारी कळलेली गोष्ट त्यांच्या पोटात संध्याकाळचा चहा पाहत नसे. म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षीच मावशींनी मनाशी ठरवून टाकले होते, की पुढच्या खोलीतले मागच्या खोलीत न्यायचे नाही.

हा नियम त्यांना कधी जड गेला नव्हता. तो जड गेला हिरव्या कोटाच्या ट्रायलपासून.

हिरवा कोट बसस्थानकप्रमुखांच्या पत्नीचा होता. बाही सारखी करताना त्या सहज बोलून गेल्या, की स्थानकावर आता यंत्र येणार; गाड्यांची नावे आपोआप पुकारली जातील, आणि जो माणूस हे काम करतो त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला, विसरलेल्या सामानाच्या गोदामात बसवणार. "अजून कुणाला माहीत नाही हं मावशी, तुम्हाला म्हणून सांगितलं," असे म्हणून त्यांनी आरशात स्वतःची पाठ पाहिली. आपल्या पायाशी बसलेली बाई त्याच माणसाची बायको आहे, हे त्या विसरल्या होत्या की त्यांना ते चांगले आठवत होते, याचा निर्णय मावशींना कधीच करता आला नाही. त्यांनी 'हं' म्हटले. तो 'हं' कोणत्या प्रकारचा होता, हे त्यांनाही सांगता आले नसते.

सांगावे, तर यजमान त्याच पावली स्थानकप्रमुखांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहतील, गोष्ट कुठून फुटली हे बाईंना कळेल, आणि एकदा एका स्टुलाचे फुटले म्हणजे सगळ्यांचेच फुटले. न सांगावे, तर ज्या माणसाला आपल्या आवाजाखेरीज दुसरे काही मिरवता येत नाही, त्याला अंधारात ठेवून आपण रोज त्याच्यासमोर जेवतो. मावशी जेवत राहिल्या. मधल्या काळात यजमानांची पँट कमरेत सैल झाल्याचे त्यांच्या नजरेने टिपले. विचारपूस न करता त्यांनी ती आत घेतली. आपल्या दाढदुखीची काळजी माणसाला लागली असावी, असे त्यांनी स्वतःला समजावले.

कारण तोवर मावशींची दाढ दुखू लागली होती. एक नव्हे, खालच्या दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा. वास्तविक मावशींचे अक्कल येण्याचे वय केव्हाच उलटून गेले होते. "आली ती आली, आणि वर आडवी आली," असे यजमान म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यांनी तो जिन्यात भेटलेल्या चष्मेवाल्यालाही ऐकवला.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि स्वभावाने कडक होत्या. त्यांनी एक्स-रे प्रकाशावर धरला, तोंडात आरसा घातला, आणि आडव्या दाढा बाजूला ठेवून पुढच्या दातांकडेच कुतूहलाने पाहत राहिल्या. वरच्या दोन दातांच्या कडांना बारीक खाचा होत्या. दातांत तुम्ही धरता तरी काय, असे त्यांनी विचारले. तोंडात दोन बोटे, आरसा आणि लाळ ओढणारी नळी असल्यामुळे मावशींना उत्तर देता आले नाही, आणि ज्यांना इतरांचे प्रश्न असेच ऐकावे लागतात त्यांना हे नवीन नव्हते. तोंड मोकळे झाल्यावर त्यांनी टाचण्यांचे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग सूचना सुरू झाल्या: गुंगीचे इंजेक्शन द्यावे लागेल, तेव्हा आदल्या रात्रीनंतर पोटात काही नको, सैल बाह्यांचा कपडा घाला, दाढा काढल्यावर कापसाच्या गाजेची, म्हणजे जखमेवरच्या जाळीदार कापडाची, घडी घट्ट चावून धरा, काही ओढून प्यायचे नाही, चूळ जोरात भरायची नाही, खळग्यात रक्ताची गुठळी बसते ती निसटली तर जे दुखेल त्यापुढे आत्ताचे दुखणे म्हणजे करमणूक. आणि टाचण्या? पंधरा दिवस नावही काढायचे नाही. त्यानंतरही न धरल्या तर फार बरे. मावशी म्हणाल्या, हं.

"आणि सोबत कुणीतरी हवं. गुंगीतून बाहेर येताना एकट्याला सोडत नाही आम्ही."

दुखण्याची भीती मावशींना नव्हती. भीती त्या संध्याकाळी नणंदेने घातली. ती बँकेत होती आणि तिच्या कचेरीत प्रत्येक आजाराचे एक उदाहरण तयार असे. "वहिनी, जपून हं. आमच्याकडच्या एकीने गुंगीतून उठताना साहेबांचं टोपणनाव घेतलं. आणि घरी सोडायला आले होते ते साहेबच."

मावशींच्या हातातली कात्री थांबली. म्हणजे त्या गुंगीत तोंडावर कुलूप नसते. आणि टाचण्याही नसतील. इतक्या वर्षांचे सगळे, फुलवालीपासून हिरव्या कोटापर्यंत, दवाखान्याच्या बाकावर एकामागून एक बाहेर पडायला लागले तर?

मग सोबतीचा शोध सुरू झाला, आणि तो बाहेरून दिसतो तितका सोपा नव्हता. शेजारीण चालली असती, पण तिच्या जावेचे गुपित मावशींपाशी होते. त्या जावेला न्यावे, तर शेजारणीचे होते. मुख्याध्यापिकाबाई स्वतःहून तयार झाल्या. पण दवाखान्यात नावे पुकारणारी मुलगी त्यांची माजी विद्यार्थिनी, आणि ती महिनाअखेर नोकरी सोडणार असल्याचे तिने फक्त स्टुलावर सांगितले होते; अजून ते ना बाईंना माहीत होते ना डॉक्टरीणबाईंना. मावशी रात्री अंथरुणावर पडून माणसे चाळत आणि एकेक बाजूला ठेवत. ज्याच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नाही असा माणूस गल्लीत उरला नव्हता. एक गोष्ट मात्र पक्की होती: कुणीही चालेल, पण हे नकोत.

शेवटी त्यांनी नणंदेलाच गळ घातली. तिचेही एक गुपित होते. गाडी चालवायचा परवाना मिळाल्याचे तिने सगळ्यांना पेढ्यासारखे वाटले होते आणि प्रत्यक्षात ती परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत होती. पण तिचे गुपित तिच्यासमोरच फुटले तर कुणाचे काय बिघडणार? नणंद आनंदाने हो म्हणाली. ठरल्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, की कचेरीत अचानक फार महत्त्वाचे काम निघाले आहे. ते काम कोणत्या मैदानात, कोणत्या निरीक्षकासमोर आणि चाकांवर होते, हे मावशींना नेमके ठाऊक होते. आणि ठाऊक असल्याचे दाखवता येत नसल्यामुळे रागावताही आले नाही.

यजमान दारात चपला घालून उभेच होते. त्यांनी रजा टाकली होती.

दवाखान्याच्या खुर्चीत टेकताना मावशींनी ओठ इतके गच्च मिटले, की डॉक्टरीणबाईंना ते दोनदा उघडायला सांगावे लागले. मग दंडात सुई, छतावरचा दिवा मोठा होत गेला, आणि पुढचा भाग कुणीतरी कापून नेल्यासारखा नाहीसा झाला.

शुद्ध आली ती तुकड्यातुकड्यांनी. बाक, रिक्षा, जिना, यजमानांचा खांदा, आणि शेवटी मागच्या खोलीतली स्वतःची खाट. गाल परक्याचे असल्यासारखे जड. दोन्ही बाजूंना गाजेच्या घड्या, आणि त्यांवर दात रोवलेले. यजमान बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळत होते. मावशींनी हाताने विचारले: मी काही बोलले का?

"बोललीस की," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंना म्हणालीस, हात वर करा. मग म्हणालीस, पोट आत ओढू नका, मला माप खरं पाहिजे. त्या बिचाऱ्या हात वर करून उभ्या राहिल्या."

मावशींना हसू आले, पण हसणे गालांपर्यंत पोहोचेना. त्यांनी डोळे मिटले. एवढेच? मोजपट्टीच तेवढी बाहेर आली आणि बाकीचे सगळे जागच्या जागी राहिले. सुटले, असे त्यांना वाटले; आणि पाठोपाठ वाटले, की सुटले कसली, उद्या पुन्हा यांच्यासमोर जेवायचेच आहे.

यजमान बर्फ धरून बसले होते. त्यांनी बायकोकडे पाहिले. तिचे ओठ मिटलेले होते, गाल फुगलेले, आणि ती काही बोलू शकत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हा चेहरा पुढच्या खोलीच्या पडद्याआडून पाहिला होता. समोर बसून कधीच नव्हता. मागच्या खोलीत बायकोचे तोंड नेहमी मोकळे असे आणि त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी तिचे उत्तर तयार असे. त्यामुळे जगाची बातमी तिला सांगता आली, पण स्वतःची सांगायची वेळ आली तेव्हा त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. आता त्यांनी घसा खाकरला. स्टुलावर चढलेल्या माणसासारखी त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

"स्टँडवर यंत्र येतंय," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. त्याने दोन फलाटही ओलांडले नसते. मग थांबत थांबत सगळे आले. स्थानकप्रमुखांनी त्यांना केव्हाच बोलावून सांगितले होते. यंत्राला आवाज लागतो. तो तुमचाच घेऊ म्हणाले. एका दिवसात सगळ्या गावांची नावे, फलाटांचे आकडे, सगळे वाचून द्यायचे, आणि नंतर गोदामात बसायचे. येत्या सोमवारी या म्हणाले. त्यांनी अजून हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. घास उतरत नव्हता. तुला सांगितले तर तू काळजी करशील, शिवाय तुझी दाढ. "माझाच आवाज मला घालवायला निघालाय," ते म्हणाले. "मी तिकडं लोकांच्या छत्र्या सांभाळत बसणार, आणि इथं मीच ओरडणार."

मावशींच्या तोंडून सवयीने 'हं' निघाला. सांत्वनाचा. तो कानावर पडताच त्यांना स्वतःची लाज वाटली. या माणसाला आपण गिऱ्हाईक केले. अर्धा तास गाज काढायची नाही असे बजावलेले होते; त्यांनी दोन्ही घड्या काढून वाटीत ठेवल्या.

"मला माहीत होतं."

यजमानांचा बर्फाचा हात तसाच राहिला. "कधीपासून?"

"हिरव्या कोटाच्या ट्रायलपासून."

तो कोट त्यांनी हँगरवर पाहिला होता आणि तयार होऊन गेलेलाही पाहिला होता. त्यांनी मनात मागे मोजत नेले. "मग बोलली का नाहीस?"

"तोंडात टाचण्या होत्या."

"दोन महिने?"

बाहेर जिन्यात कुणीतरी चढले आणि दार बंद पाहून उतरले. यजमान रागावले होते, यात शंका नव्हती. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या की ते कळत असे. पण राग करायला उभे राहावे तर कमरेची पँट नीट बसलेली जाणवली. ती कुणी आणि कधी आत घेतली, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. "म्हणजे तू मला सांगत नव्हतीस, मी तुला सांगत नव्हतो," ते म्हणाले, "आणि सगळा गाव मला भोंगा म्हणतो." मग ते हसले, आधी थोडे आणि नंतर बरेच. मावशींच्या ओठांच्या कडेला रक्त दिसताच हसू टाकून त्यांनी घाईघाईने नवी घडी पुढे केली. "चाव आधी. चाव."

मावशींनी हात आडवा धरला. अजून एक सांगायचे होते, आणि त्यासाठी 'हं' पुरणार नव्हता.

"जा सोमवारी. सगळी नावं द्या, फलाट द्या. 'सुटण्याच्या तयारीत आहे' तेही द्या. पण 'उशिराने' तेवढं देऊ नका."

"का?"

"कोट तयार मिळतो. दुरुस्तीला माणूस लागतो." आणि त्यांनी घडी चावली.

पुढचे दिवस सुजेचे होते. तिसऱ्या दिवशी मावशींचा चेहरा नीट चौकोनी झाला आणि मग हळूहळू मूळ मापावर आला. कोमट मिठाच्या पाण्याच्या हळुवार चुळा, सूप, कुस्करलेला बटाटा, पुन्हा सूप. यजमान दर जेवणाला खोलीच्या दारातून सुपाची घोषणा करत. आठवड्याने दुकान उघडले. खणातल्या टोमॅटोचे भाग्य उजळले; तो मनगटावर चढला.

आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली. गिऱ्हाइके बोलेनाशी झाली. स्टुलावर चढत, मावशींचे मोकळे ओठ पाहत, आणि हवेविषयी बोलत. फुलवालीने उकाड्याचे एक वाक्य चारदा म्हटले. मुख्याध्यापिकाबाईंनी तर सरळ विचारले, की आता तुम्हाला बोलता येतं का हो, आणि येते असे कळल्यावर त्या कोट उतरवून नंतर येते म्हणाल्या. मावशींचे पोट तेच होते, कायदाही तोच होता. परंतु लोकांचा विश्वास मावशींवर होता तितकाच त्या कुंपणावरही होता, आणि कुंपण गेल्यावर माणसे आपापली गुरे घरात बांधून ठेवतात. दुकानात कात्रीचा आवाज पहिल्यांदाच इतका मोठा ऐकू येऊ लागला.

पंधरवडा सरला. टाके निघाले, खळगे भरत आले, आणि डॉक्टरीणबाईंनी टाचण्यांविषयीचे प्रवचन पुन्हा एकदा दिले. मावशींनी तडजोड केली: रांग नाही, फक्त दोन, आणि त्याही दातांत नव्हे, ओठांत. त्या दोन टाचण्या दिसल्याबरोबर फुलवाली स्टुलावर चढली आणि साठलेला पंधरवडा तिने एका दमात रिकामा केला.

यंत्र आले. सोमवारी यजमानांनी सगळी गावे वाचून दिली होती, एकेकाला त्याचा मान देऊन. यंत्र बसवणाऱ्याने उशिराच्या घोषणेविषयी विचारले, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, की गाडी किती उशिरा येणार हे आधी वाचून कसे ठेवणार? त्या माणसाला ते पटले, कारण ते खरेच होते. आता वेळेवरच्या गाड्या यंत्र पुकारते, आणि उशिराच्या गाड्यांसाठी काचेच्या खोलीत एक माणूस लागतो. त्या स्थानकाच्या कारभारात अशा माणसाला फारशी उसंत मिळत नाही. स्थानकप्रमुखांच्या पत्नी नवा झगा घालून पाहताना कुरकुरल्या, की त्या पुकारणाऱ्याला हलवायचे राहूनच गेले. गाड्या एक दिवस तरी वेळेवर सुटल्या तर बघता येईल, असे आमचे हे म्हणतात. मावशी म्हणाल्या, हं.

मात्र घरात एक बदल झाला आहे. संध्याकाळी यजमान येतात, दिवसभराच्या बातम्या पुकारतात. पण एखाद्या दिवशी ते चपला काढून गप्पच बसतात. तेव्हा मावशी पुढच्या खोलीतला एखादा अर्धवट झगा आणतात, त्यांच्याजवळ खाली बसतात, आणि काठ धरण्याआधी दोन टाचण्या ओठांत घेतात. यजमान एकदा घसा खाकरतात आणि भिंतीकडे पाहत बोलू लागतात. बोलणे संपले की मावशी टाचण्या काढून खाली ठेवतात आणि उत्तर देतात.